दिवाण लठ्ठे: सभागृहाबाहेर आणि सभागृहात

कोल्हापूरच्या दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग आहे, तशी जैन बोर्डिंगही आहे. शाहू महाराजांच्या काळातल्या या वसतिगृहांविषयी आपण पुष्कळ बोलतो. जैन बोर्डिंगशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते अण्णासाहेब लठ्ठे मात्र संस्थांच्या पाट्यांवरच उरलेत.

1878 साली कुरुंदवाडला जन्मलेले लठ्ठे एम.ए. झाले, राजाराम कॉलेजात शिकवू लागले, मग संस्थानच्या शिक्षण खात्यात अधिकारी झाले. 1914 मध्ये इंग्रज राजघराण्याच्या पुतळ्यांना डांबर फासलं गेलं आणि संशय लठ्ठ्यांवर आला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊराव पाटलांवर दबाव आला. भाऊरावांनी नकार दिला, तुरुंग सोसला. रयत शिक्षण संस्था काढणारे ते हेच भाऊराव. लठ्ठ्यांनी बेळगाव गाठलं.

संस्थानात तेव्हा विधिमंडळ नव्हतं. अधिकाऱ्यावर खप्पा मर्जी झाली, तर त्याच्या वतीने सरकारला जाब विचारणारं कुणी नव्हतं. 1921 मध्ये हेच लठ्ठे दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. आता जाब विचारायची पाळी त्यांची होती. महाराज 1922 मध्ये गेले. दोन वर्षांनी त्यांचं मोठं इंग्रजी चरित्र छापून आलं, तेही लठ्ठ्यांच्याच हातचं! मनात अढी धरणाऱ्याला हे जमलं नसतं, असं मला वाटतं.

त्यानंतर ते कोल्हापूरचे दिवाण झाले. ज्या दरबारातून बाहेर पडावं लागलं, त्याचाच कारभार हाती आला. दिवाणाने उत्तर द्यायचं ते छत्रपतींना आणि ब्रिटिश रेसिडेंटला. रयतेला नाही.

1937 मध्ये मुंबईत बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. लठ्ठे अर्थमंत्री झाले आणि एकेक कर सभागृहातून मंजूर करून घ्यायची वेळ आली. 1 ऑगस्ट 1939 पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. अबकारीचं उत्पन्न बुडणार, म्हणून शहरी घरांवर दहा टक्के कर बसवला. घरमालक चिडले, त्यात मुस्लिम मालमत्ताधारकही होते. दारू आपल्याकडे हराम, तरी बिल आपल्या घरांवर का, हा त्यांचा सवाल अगदीच गैर नव्हता. पण तो उघडपणे विचारता येत होता आणि लठ्ठ्यांना त्याला तोंड द्यावं लागत होतं. दिवाण असताना हे घडलंच नव्हतं.

त्याच वर्षी महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं 1 मार्च 1949 ला. लठ्ठे 1950 साली वारले.