जमिनीखालची जमीन

कॅनडाच्या वायव्य भागात, उत्तर ध्रुववृत्ताला लागून, ग्रेट बेअर लेक हे सरोवर आहे. क्षेत्रफळ सुमारे ३१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ एक दशांश. याच्या काठी साहतू डेने हे लोक पिढ्यानपिढ्या मासेमारी आणि कॅरिबू हरणांची शिकार करत राहिले. अणुबाँबच्या इतिहासात या सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावरच्या खाणीला एखादी ओळ मिळते. मला मात्र त्याआधीचा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो : ती जमीन कंपनीची झाली कशी?

सुरुवात एका सरकारी अहवालापासून होते. १९०० साली भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे जेम्स मॅकिंटॉश बेल या किनाऱ्याने गेले आणि तिथल्या कड्यांवर कोबाल्टची गुलाबी छटा व तांब्याचे हिरवे डाग दिसल्याची नोंद त्यांनी केली. पुढे ती नोंद गिल्बर्ट लाबाइन यांच्या वाचनात आली. त्यांच्या ‘एल्डोरॅडो गोल्ड माइन्स’ या कंपनीची सोन्याची खाण आटली होती. ऑन्टारिओतल्या कोबाल्ट गावी काम केल्यामुळे गुलाबी छटेजवळ चांदी असू शकते, हे त्यांना ठाऊक होते. १९३०च्या वसंतात एका सोबत्याला घेऊन ते गोठलेल्या सरोवरावरून पूर्व किनाऱ्याला आले. बर्फावरच्या उन्हाने सोबत्याचे डोळे गेल्यासारखे झाले, म्हणून लाबाइन एकटेच फिरले आणि १६ मे रोजी त्यांना चांदीबरोबर पिचब्लेंड सापडले. पिचब्लेंड म्हणजे युरेनियमचे काळे, जड खनिज; त्यातच रेडियम असते.

डेलिने गावातले वृद्ध हीच गोष्ट वेगळी सांगतात. त्यांच्या आठवणीत तो दगड आधी त्यांच्याच एका माणसाला दिसला आणि त्याने तो एका गोऱ्याला दिला. दोन्हींतली खरी कुठली, यापेक्षा नोंदवहीत कुठली चढली, हे निर्णायक ठरले. तेव्हाच्या खाण कायद्याप्रमाणे परवाना काढायचा, कोपऱ्यांवर खुंट ठोकायचे आणि सरकारी नोंदवहीत दावा लिहायचा. एवढे पुरे होते. तिथे राहणाऱ्यांना विचारण्याची अट नव्हती. आपल्या भाषेत सांगायचे, तर त्या भूमीच्या सातबाऱ्यावर डेने लोकांचे नावच नव्हते.

सरकारचे म्हणणे असे की, १९२१च्या ‘ट्रीटी ११’ या कराराने त्यांनी जमीन सोडली होती. हा करार झाला तो नॉर्मन वेल्स येथे तेल सापडल्यानंतरच्या वर्षी. लेखी मसुद्यात जमीन सोडल्याचे शब्द आहेत. मोबदल्यात माणशी वर्षाला ५ डॉलर ठरले. डेने वृद्धांच्या आठवणीत मात्र तो मैत्रीचा आणि शांततेचा करार होता. १९७३ साली न्यायमूर्ती मॉरो यांनी या वृद्धांच्या साक्षी ऐकून, त्यांचा हक्क खरोखर संपला होता का याविषयी पुरेशी शंका आहे, असे म्हटले. वरच्या न्यायालयांत तांत्रिक कारणावरून तो निकाल टिकला नाही. पण शंका पुसली गेली नाही.

दरम्यान एकाच खडकाची किंमत बदलत गेली. चांदीच्या शोधात निघालेल्या कंपनीला रेडियम मिळाले. बेल्जियन काँगोच्या खनिजावर उभ्या असलेल्या मक्तेदारीमुळे रेडियमचा भाव ग्रॅमला ७०,००० डॉलरच्या घरात होता. १९३३ साली ऑन्टारिओतल्या पोर्ट होप येथे कंपनीचा शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. युरेनियम तेव्हा दुय्यम होते. काच आणि चिनी मातीच्या भांड्यांना रंग देण्यापुरते. १९४० साली खाण बंद पडली. १९४२ साली अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पासाठी ती पुन्हा उघडली. त्या प्रकल्पाचे बहुतेक युरेनियम काँगोचे. पण काही याच किनाऱ्याचे होते आणि पोर्ट होपच्या कारखान्यात दोन्हींवर प्रक्रिया झाली.

सरकारने आधी गुपचूप शेअर घेतले आणि जानेवारी १९४४ मध्ये कंपनीच ताब्यात घेतली. भागधारकांना प्रत्येक शेअरमागे मोबदला मिळाला. या इतिहासाचा गाभा मला इथे दिसतो. सरकारने कंपनीकडून घेतले तेव्हा ते ‘संपादन’ झाले आणि त्याची भरपाई ठरली. कंपनीने डेने लोकांच्या भूमीतून घेतले, तो मात्र ‘शोध’ ठरला. शोधाला भरपाई नसते.

डेने पुरुष मजूर म्हणून आले. खनिजाची सुमारे ४५ किलोची पोती त्यांनी नावांवर चढवली, उतरवली, खांद्यावरून वाहिली. किरणोत्सारी धुळीच्या धोक्याचा उल्लेख खाण खात्याच्या प्रकाशनांत १९३०च्या दशकाच्या सुरुवातीलाच येतो. वाहणाऱ्यांना तो कुणी सांगितला नाही. पुढे डेलिनेत कर्करोगाने माणसे गेली. २००५च्या संयुक्त अहवालाने, अमुक एका माणसाचा आजार किरणोत्सारानेच झाला असे खात्रीने सांगता येत नाही, असा निष्कर्ष काढला. मोजमापच केले गेले नव्हते, तर खात्री येणार कुठून?

१९९८च्या ऑगस्टमध्ये डेलिनेतले काही लोक हिरोशिमाला गेले आणि आपल्या भूमीतल्या दगडाने झालेल्या संहाराबद्दल त्यांनी तिथल्या लोकांची क्षमा मागितली. ज्यांची संमती कुणी घेतली नव्हती, त्यांनी जबाबदारी मात्र स्वतःहून घेतली.

त्याआधी १९९३ साली साहतू डेने आणि मेती लोकांचा सरकारशी नवा करार झाला होता. त्यांना ४१,४३७ चौरस किलोमीटर जमिनीची मालकी मिळाली. त्यापैकी जमिनीखालच्या खनिजांचा हक्क केवळ १,८१३ चौरस किलोमीटरपुरता आहे. वरची जमीन त्यांची, खालची बहुतेक सरकारची. २००७ साली युरेनियमचा भाव पौंडाला १३० डॉलरच्या वर गेला, त्या सुमारास या जुन्या किनाऱ्याकडे शोधकंपन्यांचे लक्ष पुन्हा वळले होते. फरक एवढाच की, आता डेलिनेशी बोलल्याशिवाय पुढे जाणे अवघड झाले होते. हा फरक लहान दिसतो. १९३० साली तो असता, तर खुंट ठोकण्याआधी कुणाला तरी डेने लोकांपुढे बसून विचारावे लागले असते.