षड्ज नसलेला मेळ



चंद्रपूर जिल्ह्यांतील मूल या गांवीं धानाची कापणी आटोपली, म्हणजे भोंवतालच्या झाडीपट्टींत रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकांचे दिवस सुरू होतात. अशाच एका नाटकाच्या मध्यंतरांत मीं पडद्यामागें एक लहानसा प्रसंग पाहिला. शहरांत शिकणारा एक मुलगा गिटार घेऊन बसला होता. चार तारांवर बोटें ठेवून त्यानें चार स्वरांचा एक मेळ छेडला. तींच बोटें तशींच ठेवून तो तीन पडदे वर सरकला. पुन्हा तेच चार स्वर, केवळ जागा बदललेले. शेजारीं पेटी पुसत बसलेले वृद्ध गृहस्थ मान वर करून म्हणाले, "बाबू, याचा सा कुठी आहे?" मुलगा हसला, उत्तर कांहीं त्याला सुचेना.

युरोपीय संगीतांत या मेळाला डिमिनिश्ड कॉर्ड म्हणतात. षड्ज, कोमल गांधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत आणि पुन्हा वरचा षड्ज, अशीं तीन-तीन अर्धस्वरांचीं चार सारखीं पावलें टाकलीं कीं तो सिद्ध होतो. चौघांत वडील कोणी नाहीं, धाकटा कोणी नाहीं. म्हणूनच बारा स्वरांतून असे मेळ तीनच निघतात, आणि त्यांतील कोणताहि स्वर आपणच धनी असल्याचा आव आणूं शकतो. कानाला हा चव्हाट्यासारखा भासतो: येथून चार दिशांना वाटा फुटतात, पण घर कोणतें तें कळत नाहीं. चव्हाट्यावर भूत असतें हा आपला जुना समज. वेबर या जर्मन संगीतकारानें 1821 सालच्या आपल्या 'डेर फ्रायशुट्झ' या संगीतनाटकांत सैतानाच्या प्रवेशाला हाच मेळ योजिला, हें वाचून मला तरी नवल वाटलें नाहीं.

पुढें चारी अंतरांत एकेक स्वर भरून आठ स्वरांची पंक्ति झाली: एक अर्धस्वर, एक पूर्णस्वर, याच क्रमानें शेवटपर्यंत. रशियांत ती रिम्स्की-कोर्साकोव्हच्या नांवानें ओळखली गेली. फ्रान्सच्या मेसियाननें 1944 सालच्या आपल्या ग्रंथांत तिला स्वतःच्या स्वरपंक्तींत दुसरें स्थान दिलें. गिटारीवर तर या मेळाचें विशेष सख्य. ब्राझीलच्या व्हिला-लोबोस यांच्या पहिल्या अभ्यासपाठांत डाव्या हाताची हीच आकृति न बदलतां एकेक पडदा खालीं उतरते. पॅरिसच्या जॅझमधील जँगो राइनहार्ट याच्या डाव्या हाताचीं दोन बोटें 1928 च्या आगींत निकामी झालीं. उरलेल्या दोघांनीं तो या स्वरांच्या लडी तारांवरून अशा उधळी कीं दहा बोटांच्या माणसानें लाजावें. अमेरिकेच्या ब्लूजमध्यें मात्र हा मेळ दोन मेळांमधील पायरीपुरता येतो आणि निघून जातो.

आपल्याकडे तो आला गोमंतकाच्या वाटेनें. पोर्तुगीज अमदानींत चर्चच्या शाळांतून स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेलीं मुलें मुंबईस आलीं, हॉटेलांच्या वाद्यवृंदांत वाजवूं लागलीं आणि तेथून चित्रपटांत शिरलीं. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकोलेट, यांनीं सी. रामचंद्रांबरोबर काम केलें. 1951 च्या 'अलबेला'ची आठवण अजून पुष्कळांना असेल. चाल मराठी माणसाची आणि तिच्या खालचे मेळ गोंयकाराचे, असा तो संसार होता. त्या वादकांचीं नांवें मात्र श्रेयनामावलींत क्वचितच आलीं, आणि हा अन्याय मला अजून बोंचतो.

शास्त्रज्ञ रागगायकांची याविरुद्ध तक्रार होती, आणि ती पोकळ नव्हती. शुद्ध श्रुतीचा कोमल गांधार षड्जाशीं सहास-पांच या प्रमाणांत असतो. तें पाऊल चार वेळां टाका. वरचा षड्ज दुप्पट कंपनांवर हवा, तेथें सुमारें 2.07 पट होतात. म्हणजे वर्तुळ मिटतच नाहीं! सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडले, तरच तें मिटतें. असे तुकडे पेटींत आहेत, पियानोंत आहेत, गिटारीच्या पडद्यांतहि आहेत. ऑल इंडिया रेडिओनें 1940 मध्यें पेटीला दार बंद केलें तें बव्हंशीं याच तक्रारीपायीं. तें दार किलकिलें व्हायला 1971 साल उजाडलें.

तरीहि गंमत पाहा. मधुवंतींत षड्ज, कोमल गांधार, तीव्र मध्यम व धैवत आहेत; अहिर भैरवांत कोमल ऋषभ, गांधार, पंचम व कोमल निषाद; कर्नाटकाकडून आलेल्या किरवाणींत ऋषभ, मध्यम, कोमल धैवत व निषाद. तिन्ही मेळांचे स्वर आपल्या घरांत आहेतच. परंतु खालीं तंबोरा अखंड षड्ज सांगत असतो, म्हणून तेथें कोणी वाट चुकत नाहीं.

त्या रात्रीं वृद्ध गृहस्थांनीं हें कांहींच सांगितलें नाहीं. त्यांनीं मुलाच्या मेळांतील एक स्वर शोधला, तोच षड्ज मानून पेटीवर दाबून धरला आणि भाता हलवीत राहिले. मुलानें मेळ पुन्हा छेडला. मधुवंतीची छाया पडली. मग त्यानें बोटें एकच पडदा वर सरकविलीं. पेटीचा षड्ज तसाच होता. वृद्धाच्या भुंवया वर गेल्या. "अहिर भैरव?" ते पुटपुटले, आणि तेवढ्यांत पुढच्या अंकाची घंटा झाली.