एडिस्टनचा वृद्ध दीपरक्षक

दीपगृहांचा इतिहास बहुधा तीं बांधणारांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्लिमथ बंदरापासून सुमारें १४ मैलांवर भर समुद्रांत एडिस्टनचे खडक आहेत. तेथें एकामागून एक चार मनोरे उभे राहिले, आणि चौघांही शिल्पकारांचीं नांवें चरित्रग्रंथांतून आढळतात. पहिला मनोरा बांधणारा विन्स्टन्ली १७०३ च्या महावादळांत आपल्या कृतीसह समुद्रांत गडप झाला, ही कथा पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. आम्हांस आज सांगावयाचें आहे तें त्या मनोऱ्यांत राहून वातींची काजळी झाडणारांविषयीं.

दुसरा मनोरा रड्यर्ड नांवाच्या रेशमाच्या व्यापाऱ्यानें १७०९ सालीं पुरा केला. तो बव्हंशीं लांकडाचा होता. आरंभीं तेथें दोनच रक्षक असत. त्यांतील एक मरण पावला तेव्हां दुसऱ्यापुढें मोठाच पेंच पडला. प्रेत समुद्रांत सोडावें तर खुनाचा आळ यावयाचा. साक्षीला तिसरें माणूस कोठें होतें? खवळलेल्या समुद्रामुळें होडी येईना, आणि ती येईपर्यंत तो बिचारा त्या प्रेताच्या सोबतीनें राहिला. पुढें तेथें तिघांची नेमणूक होऊं लागली. ही हकीकत तिसऱ्या मनोऱ्याचा कर्ता स्मीटन यानें आपल्या ग्रंथांत दिली आहे. काम वाढलें म्हणून तिसरा मनुष्य आला नाहीं. गरिबाच्या एकट्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाहीं, म्हणून आला.

परंतु सोबती असूनही शब्द खरा मानला जातोच असें नाहीं. १७५५ च्या डिसेंबरच्या २ तारखेस रात्रीं पहाऱ्यावर हेन्री हॉल होता. त्याचें वय ९४ वर्षांचें होतें असें सांगतात. दिव्याच्या खोलीचें छत पेटलेलें पाहून त्यानें सोबत्यांस हांका मारिल्या आणि एकटाच बादलीनें वर पाणी फेंकूं लागला. छतावरचें शिसें वितळून त्याच्या डोक्याखांद्यांवर कोसळलें. वर पाहणाऱ्या त्या वृद्धाच्या उघड्या तोंडांतून कांहीं पोटांतही गेलें. आग मजल्यामागून मजला गिळीत खालीं आली, तेव्हां तिघांनीं खडकाच्या कपारीचा आश्रय केला. सकाळीं होडी आली, पण लाटांमुळें ती खडकास लागेना. अखेर दोर टाकून तिघांस पाण्यांतून ओढून घ्यावें लागलें. त्यांतील एकजण किनाऱ्यास पाय लागतांच जो पळाला तो पुन्हा कोणास दिसला नाहीं. त्याच्यावर संशय घेण्यांत आला. पण तसली रात्र काढलेल्या मनुष्यानें समुद्राकडे पाठ फिरवून धूम ठोकावी, यास गुन्हाच कशाला हवा?

हॉल अंथरुणास खिळला. माझ्या पोटांत शिसें गेलें आहे, तें काढल्यावांचून मी बरा होणार नाहीं, असें तो वैद्यांस विनवीत होता. स्प्राय हे त्याचे डॉक्टर. त्यांस हें म्हातारपणाचें बरळणें वाटलें. शिवाय रोगी खातपीतही होता. बाराव्या दिवशीं त्याचा अंत झाला. प्रेत उघडून पाहतात तों जठरांत सात औंसांहून अधिक वजनाचा, म्हणजे पावशेराला थोडासाच कमी, असा शिशाचा लंबगोल गोळा निघाला! स्प्राय यांनीं ही हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविली, तर आतां अविश्वासाची पाळी त्यांच्यावर आली. अखेर त्यांनीं कुत्रीं व कोंबड्या यांच्या घशांत वितळलेलें शिसें ओतून प्राणी तेवढ्यानें तत्काळ मरत नाहीं, हें दाखविलें. एका म्हाताऱ्या चाकराचा शब्द खरा ठरविण्यास मुक्या जनावरांस साक्षीला ओढावें लागलें, हें आम्हांस आगीइतकेंच क्रूर वाटतें.

स्मीटनचा दगडी मनोरा १७५९ च्या ऑक्टोबरांत २४ मेणबत्त्यांनीं उजळला. १८८२ सालीं त्याच्या शेजारीं डग्लसचा मनोरा उभा राहिला. त्या मनोऱ्यांतून १९८२ सालीं शेवटचे रक्षक उतरले; आतां दिवा आपोआप लागतो. हॉलच्या पोटांतील शिशाचा गोळा मात्र एडिंबरोच्या संग्रहालयांत जपून ठेविलेला आहे.