वाणसामान वाहावें कोणीं?

घरबसल्या वाणसामान मागविण्याची सोय ही एकविसाव्या शतकाची देणगी होय, असा समज पुष्कळ घरांतून आढळतो. इतिहास पाहूं गेल्यास गोष्ट जवळजवळ उलट निघते. माल घरीं पोंचता करणें ही दुकानदाराची जुनी रीत. गिऱ्हाइकानें स्वतः फळीवरून जिन्नस काढून तो वाहून नेणें हा नवा शिरस्ता, आणि त्याचा जन्म कोठें व केव्हां झाला हें नेमकें सांगतां येतें.

तें ठिकाण म्हणजे अमेरिकेच्या टेनेसी संस्थानांतील मेम्फिस शहर, आणि काळ १९१६ सालचा सप्टेंबर महिना. तोंपर्यंत तेथील किराण्याचें दुकान आपल्याकडील वाण्याच्या दुकानाहून फारसें निराळें नव्हतें. पुढें लांब आडवी फळी, तिच्यामागें नोकर, त्याच्यामागें पिंपें व डबे. घरची बाई यादी वाचून दाखवी. नोकर एकेक जिन्नस काढून, तोलून, पुडी बांधून देई. हिशेब वहींत मांडला जाई, आणि पुष्कळ वेळां सामान पोऱ्याच्या हातीं किंवा घोडागाडींतून घरीं येई. टेलिफोन आल्यावर तर यादीहि तारेवरून जाऊं लागली. अर्थात् हें सारें फुकट नव्हतें. नोकराचा पगार, घोड्याचा दाणा, बुडालेली उधारी, हें सर्व साखरेच्या आणि कॉफीच्या दरांत मुरलेलें असे. जो रोख मोजून आपली पिशवी आपण उचलून नेई, तोहि शेजाऱ्याच्या घरीं जाणाऱ्या घोड्याचा दाणा भरीतच असे.

‘ग्रेट अटलांटिक अँड पॅसिफिक टी कंपनी’नें १९१२ सालीं यांतील दोन खर्च तोडले. उधारी नाहीं, घरपोंच माल नाहीं, आणि त्याच्या मोबदल्यांत भाव कमी, अशीं दुकानें तिनें काढलीं. मेम्फिसच्या क्लॅरेन्स सॉन्डर्सनें तिसरा खर्चहि तोडला. ‘पिग्ली विग्ली’ असें चमत्कारिक नांव असलेल्या त्याच्या दुकानांत मधली फळीच नव्हती. फिरकीच्या दारांतून आंत शिरावें, हातांत टोपली घ्यावी, मांडणीच्या रांगांमधून ठरलेल्या एकाच वाटेनें पुढें जावें, जिन्नसावर लिहिलेली किंमत वाचावी, हवें तें टोपलींत टाकावें आणि बाहेर पडतांना पैसे द्यावे. या रचनेचें पेटंट त्यास १९१७ सालीं मिळालें.

या पेटंटांत यंत्र असें कांहींच नव्हतें. नवें होतें तें एवढेंच कीं, मांडणीपासून गल्ल्यापर्यंत माल आणण्याचें काम, जें आजवर पगारी माणूस करीत असे, तें आतां गिऱ्हाईक करूं लागलें, आणि तेंहि बिनपगारी. तें काम नाहींसें झालें नाहीं, त्यानें खांदा बदलला. मात्र बायांनीं हा सौदा आनंदानें पतकरला, हें विसरून चालणार नाहीं. दुकानदाराच्या डोळ्यांपुढें भाव विचारून ‘नको’ म्हणण्याचा संकोच संपला. डबा हातांत घेऊन, उलटासुलटा करून, परत ठेवतां येऊं लागला. गरिबाच्या घरच्या बाईस ही मोकळीक लहान नव्हती. दुकानदाराचाहि तोटा झाला नाहीं. ती वांकडीतिकडी वाट साऱ्या मालासमोरून जात असे, आणि यादींत नसलेला एखादा जिन्नस टोपलींत पडल्यावांचून राहत नसे.

१९२३ सालापर्यंत अशीं हजाराहून अधिक दुकानें निघालीं. त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांतील झुंजींत सॉन्डर्सच्या हातून कंपनी गेली, आणि गुलाबी संगमरवराचा जो वाडा तो बांधीत होता तोहि गेला. त्या वाड्यांत पुढें मेम्फिस शहराचें पदार्थसंग्रहालय झालें. त्याच्या पहिल्या दुकानाची प्रतिकृति तेथें मांडलेली आहे.

पुढचीं पावलें भराभर पडलीं. १९३० सालीं मायकेल कलन यानें न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत एका जुन्या मोटारखान्यांत ‘किंग कलन’ हें विस्तीर्ण दुकान थाटलें. लोकांजवळ मोटारी आल्या होत्या. तेव्हां दुकानापासून घरापर्यंतचें वाहणेंहि गिऱ्हाइकाकडे गेलें. हातांतली टोपली भरली कीं खरेदी थांबते, हें ओक्लाहोमा शहरच्या सिल्व्हन गोल्डमननें हेरलें, आणि १९३७ सालीं घडीच्या खुर्चीवरून कल्पना घेऊन चाकांची ढकलगाडी काढली. प्रथम तिला कोणी हात लावीना. शेवटीं त्यानें पैसे देऊन माणसें आणलीं व त्यांना गाड्या ढकलीत दुकानांत फिरविलें.

याच १९३७ सालीं सॉन्डर्स पुन्हां मेम्फिसमध्यें उभा राहिला, आणि या वेळीं अगदीं उलट कल्पना घेऊन! ‘कीडूझल’ नांवाच्या या दुकानांत कांचेमागें एकेक नमुना ठेवलेला असे. गिऱ्हाइकानें हातांतली किल्ली त्याखालच्या खांचेंत घालावी कीं मागणीची नोंद होई, आणि मागच्या कोठारांतून माल सरकत्या पट्ट्यावरून बाहेर येई. ज्यानें गिऱ्हाइकास हमाल केलें, तोच आतां त्याच्या हातांतली टोपली काढून घेऊं पाहत होता. यंत्रें वारंवार बिघडत, एकाचा माल दुसऱ्यास जाई. १९४९ सालीं तो प्रयोग मिटला.

कल्पना मात्र मिटली नाहीं. इंग्लंडांत गेट्सहेड येथें १९८४ सालीं एका ७२ वर्षांच्या आजीबाईंनीं घरच्या दूरचित्रवाणी संचावरून मार्गारीन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडीं मागविलीं. बाहेर पडणें कठीण झालेल्या वृद्धांसाठीं नगरपालिकेनें केलेली ती योजना होती. संगणकाचें जाळें घरोघर पसरल्यावर कॅलिफोर्नियांत १९९६ सालीं ‘वेबव्हॅन’ कंपनी निघाली. अर्ध्या तासाची वेळ ठरवून द्यावी आणि त्या अवधींत सामान दारांत यावें, असा तिचा वायदा होता. यांत्रिक कोठारें बांधण्यासाठीं तिनें १०० कोटी डॉलरांचा करार केला, पण तीं भरून चालतील एवढीं गिऱ्हाइकें मिळालीं नाहींत. जुलै २००१ मध्यें दिवाळें वाजलें, आणि सुमारें २,००० नोकर घरीं बसले. गिऱ्हाईक जें काम फुकट करीत होतें त्यास रोख पगार देण्याची पाळी आल्यावर त्याची खरी किंमत कळली.

हिंदुस्थानांतील मोठ्या शहरांत हा क्रम तंतोतंत झाला नाहीं, कारण आपल्या वाण्यानें घरपोंच माल कधीं सोडलाच नाहीं. मुंबईंत १९६८ सालीं सहकारी भांडार निघालें, २००२ सालीं पवईस डी-मार्टचें पहिलें दुकान उघडलें. तरी कोपऱ्यावरच्या दुकानाचा पोऱ्या चाळीचे जिने चढतच राहिला. १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें तर तिसराच मार्ग काढला. शेजारच्या घरांनीं मिळून संघ करावा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवावी, सामान एके ठिकाणीं उतरावें, आणि सभासदांनींच तें वांटून घ्यावें. येथें वाहण्याचें काम ना नोकराचें, ना एकट्या गिऱ्हाइकाचें. तें शेजारधर्मांत गेलें. मध्यमवर्गाच्या हिशेबी बुद्धीचा हा एक सुरेख नमुना होय.

२०११ सालीं बंगळूरांत ‘बिगबास्केट’ सुरू झालें. २०२० च्या टाळेबंदींत दारांत येणारें सामान चैनीऐवजीं गरजेचें झालें, आणि २०२१ सालीं दहा मिनिटांत माल पोंचविण्याचे वायदे झाले. त्यासाठीं वस्तींत ठिकठिकाणीं जीं कोठारें उघडलीं, त्यांत गिऱ्हाइकास प्रवेश नाहीं. आंत मात्र सॉन्डर्सचेंच दुकान आहे: त्याच मांडणीच्या रांगा, तीच हातांतली पिशवी, आणि यादी पाहत एकेक जिन्नस काढणारा माणूस. पिकलेला टोमॅटो दाबून पाहण्याचा गृहिणीचा अधिकार त्या अनोळखी हाताकडे गेला आहे. दुसरा माणूस फटफटीवरून निघून जिना चढतो. तो बहुधा कंपनीचा पगारी नोकर नसतो, खेपेगणिक मोबदला घेतो. अशा कामगाराची व्याख्या कायद्यांत प्रथम आली ती २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेंत, वाण्याच्या पहिल्या पोऱ्यानें पहिला जिना चढल्यानंतर पुष्कळ वर्षांनीं.