पांढरीतले जुने घर कोणाकोणाचे होते?

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग येतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा, आजचे गावठाण. काळीतल्या एखाद्या शेताचे शंभर वर्षांचे धनी तलाठ्याच्या दप्तरातून बहुधा लागोपाठ सांगता येतात. त्याच शेतकऱ्याच्या पांढरीतल्या घराचा माग मात्र दोन-तीन पिढ्यांतच तुटतो.

याचे मूळ शेतसाऱ्यात आहे. १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जी मोजणी हाती घेतली आणि जी पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली, तिचा हेतू सारा ठरवणे हा होता. म्हणून प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, मातीची प्रत लागली, आकार बसला. गावठाणातून शेतसारा येत नव्हता. त्यामुळे त्याची बाहेरची हद्द तेवढी आखली गेली. आतली घरे कोणी मोजली नाहीत. गावठाणातल्या घराचा सातबारा नसतो, तो याच कारणाने. पुढे दोन हजारांहून अधिक वस्तीच्या गावांत नगर भूमापन होऊन मिळकत पत्रिका तयार झाल्या, पण लहान गावे तशीच राहिली.

अशा लहान गावात शोधाची सुरुवात ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ पासून होते. ही घरपट्टीसाठी ठेवलेली कर आकारणीची नोंदवही. तिच्यातली नोंद म्हणजे मालकी हक्काचा पुरावा नव्हे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तिच्यातली एक गोष्ट फार मोलाची आहे. तिच्यात मालकाचे नाव आणि भोगवटा करणाऱ्याचे नाव असे दोन वेगळे रकाने असतात. घर ज्याचे, तोच त्यात राहत असेल असे नाही. मालक मुंबईच्या गिरणीत, घरात चुलतभाऊ. किंवा मालक मयत, नाव मात्र वीस वर्षे तसेच. एकाच घरासमोरच्या लागोपाठच्या आकारणी याद्या ओळीने वाचल्या की हे दोन रकाने कधी जुळतात आणि कधी फाकतात ते दिसते. घराची खरी हकीकत या फाकण्यात असते.

त्यामागे जायचे तर दुय्यम निबंधकाचे कार्यालय. तेथील सूची क्रमांक २ गावाच्या नावाने चाळता येते. पण येथे एक मोठी गाळणी लागते. १९०८च्या नोंदणी कायद्याने स्थावराच्या विक्रीची नोंद सक्तीची केली ती शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारांना. त्या काळी खेड्यातले मातीचे घर पुष्कळदा याहून स्वस्तात जाई. पैसे दिले, ताबा घेतला, व्यवहार संपला. वाड्याचे खरेदीखत उरले. शेजारच्या दोन खणी घराचे झालेच नाही.

मग आडवाटेने जावे लागते. घराची नोंद नसली तरी त्याच कुटुंबाच्या शेताचे फेरफार असतात, आणि वारस नोंदीत मृताचे नाव, मुले, विधवा सापडतात. कोतवाल बुकात जन्म-मृत्यू आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा या वह्यांचे नाव घरोघरी पोहोचले. त्यांतल्या जुन्या नोंदी बऱ्याच ठिकाणी मोडीत आहेत, तेव्हा मोडी शिकण्याला पर्याय नाही. जुना कागद कुलकर्ण्याच्या घरीही असे. १९५०च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली, पण रुमालात बांधलेली सगळी दप्तरे काही सरकारजमा झाली नाहीत. काही माळ्यावर राहिली, काहींना वाळवी लागली.

घर स्वतःही थोडे बोलते. मंगळुरी कौलावर कारखान्याचा छाप असतो. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. म्हणजे ते छप्पर त्यानंतरचे. भिंती अर्थात त्याहून जुन्या असू शकतात: आधी माळवद किंवा गवत असेल, कौले मागाहून चढली असतील.

अठराव्या शतकापर्यंत मागे गेले की घर भेटते ते बहुतेक तंट्यातच. वतनाची वाटणी झाली, भाऊबंद भांडले, गोतसभा बसली, की महजरात घराचा, परड्याचा, कधी वाटेचा उल्लेख येतो. खाली साक्षीदारांच्या निशाण्या असतात. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचा कागदावरचा ठसा एवढाच. जे घर तीनशे वर्षे शांतपणे नांदले, त्याची नोंद होण्याचे कारणच घडले नाही. बलुतेदाराची घरजागा चाकरीशी बांधलेली असे, तिचे खरेदीखत कसले? महारवाड्यातल्या घरांचा शोध म्हणूनच घराच्या कागदांत घेऊन भागत नाही. तो वतनाच्या कागदांत घ्यावा लागतो, आणि तेथेही माणसांऐवजी पुष्कळदा ‘समस्त’ एवढेच लिहिलेले भेटते.

बायकांचे नाव तर कागदावर उतरते ते बहुधा नवरा गेल्यावर, वारस म्हणून. चाळीस वर्षे ज्या चुलीपुढे ती बसली, त्या घराच्या भोगवटा रकान्यात तोवर तिचा मागमूस नसतो.

आता गावठाणांची मोजणी ड्रोनने होते आहे. महाराष्ट्रातला पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी झाला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली. शेताला जे एकोणिसाव्या शतकात मिळाले, ते पांढरीतल्या घराला एकविसाव्या शतकात मिळते आहे. पण या मिळकत पत्रिकेत आजचा धारक येतो, कालचा नाही. नवी पत्रिका हाती आली की जुन्या आकारणी याद्या अडगळ ठरण्याचा धोका आहे. भोगवट्याचा तो दुसरा रकाना मात्र त्याच याद्यांत आहे, आणि ज्यांनी त्या लिहिल्या किंवा ज्यांना ती नावे चेहऱ्यानिशी आठवतात, ती पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे.