दोन स्पंदांमधला वेळ

प्रशासनात असताना चक्रीवादळाच्या इशाऱ्यांचे कागद माझ्या हातातून अनेकदा गेले. त्यांत वाऱ्याच्या वेगाचा एक आकडा असतो. बोटी माघारी बोलवायच्या का, किनाऱ्यावरची गावे हलवायची का, हे पुष्कळसे त्या आकड्यावर ठरते. तो आकडा मिळवण्यामागे एक जुनी अडचण आहे आणि तिच्या इतिहासात बंगळूरचा वाटा आहे. येथे राहणाऱ्या मराठी वाचकांनाही तो फारसा ठाऊक नसावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

रडार सूक्ष्मलहरींचे छोटे छोटे स्पंद सोडते. पावसाच्या थेंबांवरून परतलेल्या स्पंदाला किती वेळ लागला यावरून अंतर समजते. दोन लागोपाठच्या प्रतिध्वनींत लहरीची स्थिती, म्हणजे भौतिकशास्त्रातली ‘कला’, किती सरकली यावरून थेंब रडारकडे येत आहेत की दूर जात आहेत, आणि किती वेगाने, हे समजते. सेकंदाला १००० स्पंद सोडले, तर दोन स्पंदांमध्ये एक सहस्रांश सेकंद मिळतो. तेवढ्यात लहर १५० किलोमीटर जाऊन परत येते. त्यापलीकडच्या ढगाचा प्रतिध्वनी पुढच्या स्पंदाच्या खात्यावर जमा होतो आणि दूरचा पाऊस जवळ भासतो. दूरवर पाहण्यासाठी स्पंद विरळ करावेत, तर वेगाची पंचाईत होते. दहा सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारला त्या सहस्रांश सेकंदात थेंब अडीच सेंटिमीटरपेक्षा अधिक सरकलेला चालत नाही. म्हणजे मर्यादा ताशी ९० किलोमीटर. स्पंद विरळ केले की ती आणखी खाली येते.

मर्यादा ओलांडली की रडार गप्प बसत नाही, चुकीचे उत्तर देते. सिनेमात धावत्या टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते, तोच हा प्रकार. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वारे ताशी ११० ते १२० किलोमीटरचे होते. वर सांगितलेल्या मांडणीत रडारच्या रोखाने येणारा १२० चा वारा ६० च्या वेगाने दूर जाताना दिसेल! उत्तर न देणाऱ्या यंत्रापेक्षा आत्मविश्वासाने उलट उत्तर देणारे यंत्र प्रशासकाला अधिक धोक्याचे, असे माझे मत आहे. (माणसांच्या बाबतीतही हे खरे आहे, पण तो विषय वेगळा.)

या पेचावर १९८५ साली एक महत्त्वाचा प्रबंध प्रसिद्ध झाला. लेखक दोन: अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या राष्ट्रीय तीव्र वादळ प्रयोगशाळेचे दुशान झर्निच आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रवास महापात्रा. त्यांनी तपासलेली एक युक्ती ऐकायला अगदी साधी आहे. स्पंदांमधले अंतर समान ठेवायचेच नाही. एकदा आखूड, एकदा लांब, असे आलटून पालटून ठेवायचे.

उदाहरण घेऊ. आखूड अंतर सेकंदाला ६०० स्पंदांच्या हिशेबाने आणि लांब अंतर ४०० च्या हिशेबाने ठेवले. पहिल्याची वेगमर्यादा ताशी ५४ किलोमीटर, दुसऱ्याची ३६. वारा १०० चा असेल, तर पहिले अंतर उणे ८ सांगेल आणि दुसरे अधिक २८. दोघेही खोटे! पण पहिल्याच्या चुका १०८ च्या पटीत होतात, दुसऱ्याच्या ७२ च्या. दोघांच्याही हिशेबात बसणारा आकडा १०८ च्या आत एकच सापडतो, तो म्हणजे १००. शिवाय अंतराची मर्यादा १५० वरून किमान २५० किलोमीटरवर जाते. दोन अविश्वसनीय साक्षीदारांच्या जबान्या ताडून सत्य काढण्याची ही रीत कोणाही दंडाधिकाऱ्याला ओळखीची वाटेल.

देशात प्रत्यक्ष यंत्रे यायला पुढे बराच काळ गेला. भारतीय हवामान विभागाचे पहिले डॉप्लर रडार २००२ साली चेन्नईत उभे राहिले, तेही जर्मनीहून आणलेले. इस्रोने विकसित केलेले आणि १९५४ साली बंगळुरात स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहभागाने घडलेले स्वदेशी रडार २००४ साली श्रीहरिकोट्याला बसले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि कुलाब्याला जेमतेम ७४; त्या दिवशी मुंबईपाशी डॉप्लर रडार नव्हते. ते पुढे आले.

असमान अंतराच्या युक्तीला एक खोट होती. डोंगर आणि इमारती जागच्या हलत नाहीत, म्हणून त्यांचे प्रतिध्वनी शून्य वेगाचे समजून गाळता येतात. पण ही गाळणी समान अंतराच्या स्पंदांवर बेतलेली होती. अंतर असमान होताच त्या प्रतिध्वनींबरोबर खरा पाऊसही हातचा जाऊ लागला. पाठीशी सह्याद्री असलेल्या आपल्या किनाऱ्याला हा दोष परवडणारा नव्हे. त्यावरची गणिती वाट २००० साली एम. सच्चिदानंद आणि झर्निच यांनी मांडली. त्यांतले सच्चिदानंद कानपूरच्या आयआयटीचे.