‘द विझार्ड ऑफ ऑझ’ (१९३९) : एका खर्चिक अद्भुतपटाची बलस्थाने आणि मर्यादा

इ.स. १९३७ च्या अखेरीस वॉल्ट डिस्ने यांचा ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ प्रदर्शित झाला आणि परीकथेवरील चित्रपट मुलांबरोबर मोठ्यांनाही चित्रपटगृहात आणू शकतो, हे हॉलिवूडच्या निर्मात्यांना उमगले. मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेने त्यानंतर एल. फ्रँक बॉम यांची १९०० साली प्रसिद्ध झालेली बालकादंबरी निवडली. कॅन्ससच्या रुक्ष माळावरील डोरोथी नावाची मुलगी वावटळीने ऑझ या अद्भुत प्रदेशात जाऊन पडते आणि घरी परतण्याची वाट शोधते, एवढेच तिचे कथासूत्र. त्यावर सुमारे २७ लाख ७७ हजार डॉलर खर्च झाले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती.

या खर्चाचे सार्थक सर्वाधिक जाणवते ते रंगयोजनेत. कॅन्ससचे प्रसंग मातकट एकरंगी छटेत आहेत, तर ऑझ टेक्निकलर पद्धतीने चित्रित केलेले आहे. डोरोथी दार उघडते आणि बाहेरचा रंगीत प्रदेश दिसू लागतो, हा क्षण रासायनिक करामतीतून साधलेला नाही. घराचा आतला भाग मातकट रंगाने रंगवण्यात आला, तशाच रंगाचा पोशाख घातलेल्या बदली कलावतीने दार उघडले आणि निळ्या झग्यातील ज्युडी गारलंड पुढे आली. सारे चित्रीकरण रंगीत फिल्मवरच झाले. वावटळही अशीच हाताने घडवलेली : सुमारे ३५ फूट लांबीचा मलमलीचा पोकळ झोत यंत्राने फिरवून ती उभी केली गेली. मूळ कादंबरीतील चंदेरी पादत्राणे पडद्यावर माणकासारखी लाल झाली, तीही रंगासाठीच.

या वैभवाची किंमत कलावंतांनी शरीराने मोजली. टेक्निकलरसाठी लागणाऱ्या प्रखर दिव्यांमुळे चित्रीकरणस्थळ असह्य तापत असे. पत्र्याच्या माणसाची भूमिका प्रथम बडी एबसेन यांच्याकडे होती. चेहऱ्यावरील ॲल्युमिनियमची पूड फुप्फुसांत गेल्याने त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि भूमिका जॅक हेली यांच्याकडे गेली. चेटकिणीचे काम करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन डिसेंबर १९३८ मध्ये आगीच्या प्रसंगात चेहऱ्यावर व हातावर भाजल्या. सोळा वर्षांच्या गारलंड यांना लहान दिसावे म्हणून आवळून बांधलेले कपडे घालावे लागले. कौटुंबिक मनोरंजनाच्या इतिहासात ही बाजू तळटीपेपुरती उरते, हे योग्य नव्हे.

दिग्दर्शनही एकाच्या हाती राहिले नाही. रिचर्ड थॉर्प यांना वगळण्यात आले, जॉर्ज क्यूकर यांनी गारलंड यांची कृत्रिम रंगभूषा व केशभूषा उतरवली, व्हिक्टर फ्लेमिंग यांनी बहुतांश भाग केला आणि ते ‘गॉन विथ द विंड’कडे गेल्यावर कॅन्ससचे प्रसंग किंग व्हिडोर यांनी चित्रित केले. श्रेय मात्र फ्लेमिंग यांचेच. असे असूनही चित्रपट विस्कळीत वाटत नाही, याचे श्रेय बऱ्याच अंशी हॅरॉल्ड आर्लेन व ई. वाय. हारबर्ग यांच्या गीतांना द्यावे लागेल. बॉम यांच्या पुस्तकात इंद्रधनुष्याचा उल्लेख नाही. ती कल्पना हारबर्ग यांची. मंदीच्या काळातील बेकारांची व्यथा १९३२ मध्ये गीतातून मांडणाऱ्या या कवीने करड्या माळावरील मुलीच्या तोंडी रंगांची ओढ घातली. पूर्वप्रदर्शनानंतर हेच गीत लांबण लावते म्हणून कापले गेले होते आणि आग्रहामुळे परत आले. पुढे त्यालाच ऑस्कर मिळाले.

ऑगस्ट १९३९ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने सुमारे ३० लाख डॉलर मिळवले, तरी प्रती व प्रसिद्धीचा खर्च धरता तो तोट्यात गेला. १९४९ च्या पुनर्प्रदर्शनानंतर तो फायद्यात आला. त्याला घरोघरी नेले ते ३ नोव्हेंबर १९५६ च्या व त्यानंतरच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणांनी. गंमत अशी की त्या काळच्या बहुतेक अमेरिकी घरांत कृष्णधवल संच होते. म्हणजे ज्या दाराची एवढी ख्याती, त्यापलीकडचा रंग या प्रेक्षकांना दिसलाच नाही. तरीही त्यांनी चित्रपट आपलासा केला.

खरी मर्यादा पटकथेत आहे. बॉम यांचे ऑझ खरे आहे. चित्रपटाने ते आजारी मुलीचे स्वप्न ठरवले. शेजाऱ्यांचेच चेहरे ऑझमध्ये दिसतात, ही योजना चतुर आहे. परंतु दिवे, रंग, मलमल व श्रम यांतून जे डोळ्यांसमोर सत्य म्हणून उभे केले, ते शेवटच्या काही मिनिटांत भास म्हणून मोडीत निघते. घरासारखे दुसरे स्थान नाही, असे डोरोथी म्हणते, तेव्हा ते घर कोणत्या स्थितीत आहे हे पटकथा विचारत नाही. वास्तविक १९३० च्या दशकात कॅन्ससच्या पश्चिम भागातील अनेक कुटुंबे धुळीच्या वादळांनी व कर्जाने शेतीवरून उठत होती. बॉम यांना हा प्रश्न आधीच सुचला होता : १९१० च्या सहाव्या ऑझ-पुस्तकात गहाण पडलेली शेती हातची जाणार असे दिसताच डोरोथी एम काकू व हेन्री काकांना ऑझमध्येच कायमचे राहायला नेते. चित्रपटातील डोरोथी उशीवर डोके टेकून समाधानाने हसते. ज्या कुत्र्याच्या जीवासाठी ती घरातून पळाली, त्या टोटोला ताब्यात घेण्याचा मिस गल्चकडचा शेरीफचा आदेश मात्र अद्याप रद्द झालेला नसतो. खोलीत जमलेल्या मोठ्या माणसांपैकी कोणीही त्याचा विषय काढत नाही.